अमीर अब्दुल कादिर यांच्या नावाचं अमेरिकन खेडं

आमच्या गावातल्या एका संस्थेला शंभर वर्षं झाली म्हणून मागे एक स्मरणिका निघाली. जाड गुळगुळीत कागद, अडीचशेच्या वर पानं, निम्म्या पानांवर शुभेच्छा आणि फोटो. त्यात 'आपल्या गावाचा इतिहास' असा लांबलचक लेख होता. मी अधाशासारखा वाचला. पेठा कशा वसल्या, वेस कुणी बांधली, बाजार कोणत्या वारी भरायचा, पहिली शाळा कुठल्या वाड्यात होती, सगळं आलं होतं. मुसलमानांच्या वाट्याला दोन ओळी होत्या. गावात एक दर्गा आहे आणि त्याच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात. झालं! नालबंद नाहीत, पिंजारी नाहीत, तांबोळी, बागवान, आतार, मोमीन कुणीच नाही. संपादक मंडळातल्या एका परिचितांना मी विचारलं. ते म्हणाले, “अहो, तुमच्या मोहल्ल्यातून कुणी माहितीच आणून दिली नाही. आणि परिचयाच्या पानाला वर्गणी ठेवली होती, तीही कुणी भरली नाही.”

भांडायच्या तयारीने गेलो होतो. पण माणूस खोटं बोलत नव्हता.

घरी येताना मला अमेरिकेतल्या जुन्या काउंटी-इतिहासांची आठवण झाली. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका आणि जिल्हा यांच्या मधलं काहीतरी. स्वतःचं कोर्ट, स्वतःची जमीन-दप्तराची कचेरी, स्वतःचा शेरीफ आणि एक मुख्य गाव. या काउंट्यांचे इतिहास मी कधी वाचेन असं वाटलं नव्हतं. मी अल्जेरियाच्या अमीर अब्दुल कादिर यांच्याबद्दल वाचत होतो आणि वाचता वाचता आयोवा राज्यातल्या एका खेड्यात जाऊन पोचलो. त्या खेड्याचं नाव एलकेडर. लोकवस्ती बाराशेच्या आसपास. आपण कादिर म्हणतो, तिथली माणसं केडर म्हणतात. फरक एवढाच. नाव अमीरांचंच आहे.

हे गाव आयोवाच्या ईशान्येला, क्लेटन काउंटीत, टर्की नावाच्या नदीकाठी आहे. पूर्वेला मिसिसिपी वाहते. १८४६ साली टिमथी डेव्हिस, जॉन थॉम्पसन आणि चेस्टर सेज या तिघांनी नदीकाठची जमीन मोजून घेतली, रस्ते आखले, प्लॉट पाडले. नदीला इथे उतार चांगला, म्हणजे पाण्यावर पिठाची गिरणी चालेल, हा मूळ हिशेब. गाव आधी कागदावर वसतं आणि मग जमिनीवर, ही त्या मुलुखाची पद्धत. डेव्हिस पेशाने वकील. पुढे तो अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडूनही गेला. नाव त्यानेच सुचवलं असं मानलं जातं.

आता प्रश्न असा की १८४६ साली मिसिसिपीच्या पलीकडे राहणाऱ्या एका ख्रिस्ती वकिलाला अब्दुल कादिर कसे माहीत? उत्तर सोपं आहे. वर्तमानपत्रं. फ्रान्सने १८३० साली अल्जिअर्स घेतलं. १८३२ साली पश्चिम अल्जेरियातल्या टोळ्यांनी मस्करा भागातल्या एका कादिरी सूफी घराण्यातल्या, विशीतल्या तरुणाच्या हातावर बैअत केली. त्याने पुढची पंधरा वर्षं फ्रान्सच्या फौजेला दम खाऊ दिला नाही. दोनदा तह झाले, १८३४ ला आणि १८३७ ला, आणि दोन्ही मोडले. १८४३ साली अमीरांची 'झमाला', म्हणजे हजारो माणसांची फिरती तंबूंची राजधानी, फ्रेंचांनी लुटली. ते तरी लढत राहिले. जून १८४५ मध्ये दहरा भागात फ्रेंच कर्नल पेलिसिए याने गुहेत आसरा घेतलेल्या एका टोळीला धुराने गुदमरवून मारलं. बायका-मुलं, म्हातारे, शेकडो माणसं. त्यावर युरोपात ओरड झाली. त्याच सप्टेंबरात सीदी ब्राहीमला अमीरांनी एक अख्खी फ्रेंच तुकडी कापून काढली. म्हणजे १८४६ साली हे नाव जगभर छापलं जात होतं. इंग्लंड-आयर्लंडात तर घोड्यांनाही ते नाव देत. १८५० आणि १८५१ ची इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल शर्यत जिंकणाऱ्या घोड्याचं नाव 'अब्द-अल-कादिर' होतं!

अमेरिकन माणसाला त्यात आपलीच गोष्ट दिसली. मोठी युरोपीय सत्ता, समोर एक पुढारी, थोडी माणसं, स्वातंत्र्याची लढाई. त्यांच्या आजोबांनी इंग्रजांशी केलेल्या लढाईला सत्तर वर्षंही झाली नव्हती. आयोवाचा नकाशा उघडून पाहिला की ही हौस किती होती ते कळतं. १८५१ साली तिथे काउंट्यांना नावं देताना एमेट, मिचेल आणि ओब्रायन ही आयरिश बंडखोरांची नावं दिली गेली. एक काउंटी कोशूटची, म्हणजे हंगेरीच्या बंडाच्या पुढाऱ्याची. परक्याच्या बंडावर प्रेम करणं स्वस्त असतं, असं मला वाटतं. पण ते प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

मला खटकलं ते वेगळंच. ज्या जमिनीवर डेव्हिस आणि मंडळींनी प्लॉट पाडले ती जमीन त्यांच्याकडे आली कशी?

१८३० साली, म्हणजे फ्रेंच अल्जिअर्समध्ये उतरले त्याच वर्षी, अमेरिकन काँग्रेसने मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पश्चिमेला हलवण्याचा कायदा केला. १८३२ साली, अब्दुल कादिर अमीर झाले त्याच वर्षी, सॉक टोळीचा म्हातारा पुढारी ब्लॅक हॉक आपल्या माणसांना घेऊन मिसिसिपी ओलांडून जुन्या गावी पेरायला परत गेला. त्याला युद्ध म्हटलं गेलं. उन्हाळा संपेपर्यंत त्यातली बहुतेक माणसं मारली गेली. शिक्षा म्हणून सॉक आणि मेस्क्वाकी लोकांकडून मिसिसिपीच्या पश्चिम काठाची लांबच लांब पट्टी घेतली गेली. तिला 'ब्लॅक हॉक खरेदी' असं नाव पडलं. खरेदी! १ जून १८३३ पासून ती गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली झाली. १८३६ च्या सुमाराला एलायशा बोर्डमन नावाचा माणूस टर्की नदीकाठी येऊन राहिला. १८३७ साली काउंटी झाली.

त्याच टर्की नदीच्या वरच्या अंगाला एक किल्ला होता, फोर्ट अ‍ॅटकिन्सन. आसपासच्या पट्ट्यात हो-चंक लोकांना आणून बसवलं होतं आणि ते तिथून हलू नयेत म्हणून १८४० साली हा किल्ला बांधला होता. ऑक्टोबर १८४६ मध्ये त्याच हो-चंक लोकांकडून हा पट्टाही सोडण्याच्या करारावर सह्या घेतल्या गेल्या. १८४७ साली तिथे एक नवी काउंटी आखली गेली आणि तिला हो-चंक पुढाऱ्याचं, विनेशीकचं, नाव दिलं गेलं. १८४८ साली हो-चंकांना मिनेसोटात हाकललं.

क्रम नीट पाहा. आधी नाव ठेवलं, मग वर्षभराने माणसं घालवली. ब्लॅक हॉक, वापेलो, पोवेशीक, महास्का, अपानूस, किओकक या सगळ्या आयोवाच्या काउंट्या आहेत. नकाशावर मूळ रहिवाशांचे पुढारी ओळीने बसलेत.

आणि त्याच १८४६ साली, त्याच नदीकाठी, अल्जेरियातल्या टोळ्यांची जमीन वाचवणाऱ्या अमीरांच्या नावाने एक गाव आखलं गेलं. डेव्हिसला यात विसंगती दिसली असेल का? मला नाही वाटत. लांबचा अन्याय नीट दिसतो, कारण त्यात आपला प्लॉट नसतो.

जमीन मोजण्याच्या त्या पद्धतीवर दोन शब्द सांगायला हवेत, कारण सगळा स्थानिक इतिहास तिच्यातून निघालाय. सरकारी मोजणीदार साखळी घेऊन यायचे आणि जमिनीवर चौकटी पाडायचे. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाऊनशिप. तिचे छत्तीस तुकडे. एक तुकडा ६४० एकरांचा, त्याचा चौथा भाग १६० एकर. सोळावा तुकडा शाळेच्या खर्चासाठी राखीव. सरकारी भाव एकराला सव्वा डॉलर. डोंगर असो, ओढा असो, कुणाची जुनी दफनभूमी असो, रेघ सरळच जायची. त्याच काळात आपल्याकडे इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट जमिनीची पाहणी करत होते. पण तिथे शेत आधी होतं, शेतकरी आधी होता, गावाला नाव आधीच होतं. मोजणी त्यावर सारा बसवण्यासाठी आली. आयोवात मोजणी आधी आली आणि तिने जुनं सगळं कोरं करून टाकलं. म्हणूनच तिथल्या इतिहासाची पुस्तकं 'पहिला' या शब्दाने भरलेली असतात. पहिला रहिवासी, पहिली गिरणी, पहिलं लग्न, पहिलं मूल, पहिला खटला. जणू त्याआधी त्या मातीवर कुणी जन्मलंच नव्हतं.

या पुस्तकांचाही एक इतिहास आहे. १८७६ साली अमेरिकेला शंभर वर्षं झाली. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी २५ मे १८७६ ला जाहीरनामा काढला की प्रत्येक काउंटीने आणि गावाने आपला इतिहास लिहावा, ४ जुलैला तो लोकांसमोर वाचावा, एक प्रत काउंटीच्या कचेरीत आणि एक वॉशिंग्टनच्या ग्रंथालयात ठेवावी. कल्पना मोठी सुंदर! महिन्या-सव्वा महिन्यात काय लिहून होणार ते सोडून द्या. पण लोकांना चटक लागली, आणि चटक लागली की धंदा आलाच. शिकागोच्या प्रकाशकांनी एजंट गावोगाव पाठवले. एजंट शेतकऱ्याच्या दारात यायचा, पुस्तकाची आगाऊ वर्गणी घ्यायचा, घराण्याची माहिती लिहून घ्यायचा. जास्त पैसे दिले तर तुमचं कोरीव चित्र छापलं जायचं. या ग्रंथांना लोक चेष्टेने 'मग बुक' म्हणत. मग म्हणजे थोबाड. थोबाडांची पुस्तकं! आमच्या स्मरणिकेत मला नवं काहीच दिसलं नाही ते यामुळेच.

क्लेटन काउंटीचा असा ग्रंथ १८८२ साली शिकागोहून निघाला. दुसरा रिआल्टो प्राइस याने संपादित केला, तो १९१६ चा. अशा ग्रंथांचा साचा ठरलेला. सुरुवातीला दगडमाती, मग 'इंडियन' लोकांवर थोडी पानं, जणू तेही दगडमातीचाच भाग. मग वसाहत, कोर्ट, रेल्वे, यादवी युद्धात लढलेल्यांच्या याद्या. मग टाऊनशिपवार माहिती आणि शेवटी चरित्रं. हसायला सोपं आहे. पण मी प्रामाणिकपणे सांगतो, या पुस्तकांचा मला हेवा वाटतो. काउंटीचं मुख्य ठिकाण कोणतं यावर गावागावांत झालेली भांडणं त्यात मिळतात. क्लेटनमध्ये ते ठिकाण अनेकदा हललं, दप्तर या गावाहून त्या गावाला गेलं आणि १८६० च्या सुमारास एलकेडरला टिकलं. कुणी गिरणी चालवली, कुणी पूल बांधायला पैसे दिले, हे मिळतं. टर्की नदीवरचा दोन कमानींचा दगडी पूल १८८९ चा आहे आणि अजून उभा आहे. जर्मन वसाहतवाल्यांनी शेजारी गुटेनबर्ग नावाचं गाव वसवलं, छापखान्याचा शोध लावणाऱ्याच्या नावाने, आणि त्या नावाच्या इंग्रजी लेखनातच एक 'टी' जास्त पडला. छापणाऱ्यांच्या पीराच्या नावात छपाईची चूक! ती आजतागायत तशीच आहे. कम्युनिया नावाची समाजवाद्यांची वसाहतही याच काउंटीत १८४७ साली झाली आणि काही वर्षांत भांडणांत मोडली. माझ्या तालुक्याबद्दल इतकं छापील मला कुठेही मिळत नाही. गॅझेटियरमध्ये दीड पान आहे, त्यातही निम्मी पिकांची माहिती.

एक गोष्ट मात्र वाचताना एकदम अंगावर आली. १८८२ चा तो ग्रंथ छापला जात होता तेव्हा अमीर अब्दुल कादिर जिवंत होते. दमास्कसमध्ये होते. १८४७ च्या डिसेंबरात त्यांनी शस्त्र खाली ठेवलं ते अलेक्झांड्रिया किंवा अक्का इथे जाऊ देऊ या लेखी वचनावर. फ्रान्सने वचन मोडलं आणि पाच वर्षं त्यांना तुलों, पो आणि अंब्वाजच्या किल्ल्यांत कैदेत ठेवलं. अंब्वाजच्या बागेत त्यांच्या सोबतच्या माणसांच्या कबरी आहेत, बायका आणि मुलांच्याही. १८५२ ला सुटका, मग तुर्कस्तानात बुर्सा, मग १८५५ पासून दमास्कस. जुलै १८६० मध्ये तिथे ख्रिस्ती मोहल्ल्यावर दंगलखोर तुटून पडले तेव्हा अमीर आपल्या अल्जेरियन साथीदारांसह रस्त्यावर उतरले. घराची दारं उघडली. हजारो ख्रिस्ती माणसं वाचली. ज्यांच्या धर्मबांधवांनी त्यांचा देश घेतला, त्यांना कैदेत कुजवलं, त्यांनाच त्यांनी वाचवलं. अब्राहम लिंकन यांनी त्यांना पिस्तुलांची जोडी भेट पाठवली. १८८३ साली अमीर वारले आणि इब्ने अरबींच्या मजारीशेजारी दफन झाले. १९६० च्या दशकात स्वतंत्र अल्जेरियाने त्यांचे अवशेष मायदेशी नेले.

म्हणजे गावाला नाव दिलं गेलं तेव्हा डेव्हिसला फक्त तलवारवाला अब्दुल कादिर माहीत होता. ज्या कामामुळे आज जग त्यांचं नाव घेतं ते अजून घडायचं होतं. नाव ठेवणाऱ्यांचं नशीब म्हणायचं. जिवंत माणसाचं नाव गावाला देणं हा जुगार असतो, हा जुगार लागला.

पण त्या गावात तेव्हा मुसलमान किती होते? एकही नाही. अमीराचं नाव होतं, अजान नव्हती. माझ्या स्मरणिकेच्या अगदी उलट. आमच्याकडे माणसं होती आणि नावं नव्हती.

मग तिथली खरी मुसलमान माणसं कुठे गेली? ती गेली आणखी उत्तरेला, नॉर्थ डाकोटात. १९०० च्या आसपास उस्मानी सल्तनतीतल्या शामच्या, म्हणजे आजच्या सीरिया-लेबनॉनच्या, खेड्यांतून काही तरुण तिथे पोचले. सुरुवातीला पाठीवर गाठोडं घेऊन फेरीवाल्याचं काम. सुया, दोरे, कापड. मग जमीन. १८६२ च्या कायद्याने पाच वर्षं राहून कसली तर १६० एकर मिळत, पण त्यासाठी नागरिक असायला हवं किंवा नागरिक होण्याचा अर्ज केलेला हवा. आणि नागरिक होण्यासाठी कायद्याच्या भाषेत 'गोरा' किंवा आफ्रिकन वंशाचा असायला हवं. सीरियन माणूस गोरा आहे का, यावर कोर्टात खटले चालले. १९१५ साली डाऊ नावाच्या सीरियन माणसाच्या खटल्यात अपील कोर्टाने 'आहे' म्हटलं. (आठ वर्षांनी, १९२३ ला, भगतसिंग थिंड यांना सर्वोच्च न्यायालयाने 'नाही' म्हटलं. म्हणजे आपण नाही.) या माणसांना जमीन मिळाली ती माउंटरेल काउंटीत, रॉस नावाच्या रेल्वे स्टेशनाजवळ. हसन जुमा हे तिथल्या पहिल्या काहींपैकी एक. बर्फ, वारा, गहू. नमाज कुणाच्या तरी घरी व्हायची. १९२९ साली त्यांनी मशीद बांधली. अमेरिकेतल्या मशिदींपैकी ही अगदी सुरुवातीची. अर्धी जमिनीत, अर्धी वर, थंडीपासून बचाव म्हणून. घुमट नाही, मिनार नाही.

बांधली ती नेमकी मंदीच्या तोंडावर. पुढे दुष्काळ आला, तरुण शहरांकडे गेले, मुलांची लग्नं ल्युथरन आणि इतर शेजाऱ्यांत झाली, अरबी विसरली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मशीद पाडली गेली. २००५ साली जुन्या कुटुंबातल्या लोकांनी त्याच जागी एक छोटीशी घुमटाची खोली उभी केली. शेजारी कबरस्तान होतंच, ते कधी हललं नव्हतं.

आता हे सगळं आपल्याला कळतं कसं? 'मग बुक'मुळे नाही. एक तर जमिनीच्या नोंदी. ज्याने अर्ज केला, पाच वर्षं राहिला, साक्षीदार आणले, त्याचं नाव सरकारी वहीत आलंच. एजंटला वर्गणी न देताही आलं. आणि दुसरं म्हणजे १९३० च्या मंदीत सरकारने बेकार लेखकांना काम दिलं, गावोगाव जाऊन माणसांच्या मुलाखती घ्या असं सांगितलं. १९३९ मध्ये त्यातलं कुणीतरी रॉसच्या सीरियन शेतकऱ्यांच्या आणि त्यांच्या बायकांच्या दारात पोचलं. कुठून आलात, काय पिकवलंत, घरात काय खाता, नमाज कुठे पढता, असं विचारून टाइप करून ठेवलं. त्या टाइप केलेल्या पानांशिवाय ही माणसं आज फक्त सातबारावरची नावं उरली असती. बेकारांना रोजगार द्यायला निघालेल्या योजनेने हे काम केलं, इतिहासाच्या प्रेमाने नाही. तरी झालं, हे महत्त्वाचं.

आणि जिथे कागद होते तिथे काय झालं तेही सांगतो. आयोवातच, एलकेडरपासून दीड-दोन तासांच्या रस्त्यावर, सीडर रॅपिड्स शहर आहे. तिथल्या सीरियन-लेबनीज दुकानदारांनी १९३४ साली, मंदीतच, एक मशीद बांधली. लाकडी, साधी, खेड्यातल्या शाळेसारखी दिसणारी. आज तिला 'मदर मॉस्क' म्हणतात. अमेरिकेत आजही उभी असलेली, मशीद म्हणूनच बांधलेली ही सर्वांत जुनी इमारत समजली जाते. १९७१ साली नवीन केंद्र झालं आणि ही विकली गेली. काही काळ त्यात चर्चही भरलं. १९९० मध्ये मुसलमानांनी परत विकत घेतली आणि दुरुस्त केली. जुने कागद, फोटो, पुस्तकं तळघरात जमवली. जून २००८ मध्ये सीडर नदीला महापूर आला. तळघर भरलं. जमवलेला बराच ठेवा गेला.

त्याच जूनमध्ये टर्की नदीनेही एलकेडरला बुडवलं. तेव्हा अल्जेरियाने या गावाला पैशांची मदत पाठवली. १९८० च्या दशकापासून एलकेडर आणि मस्करा ही भगिनी-गावं आहेत. येणंजाणं आहे, अमीरांवर शाळकरी मुलांच्या निबंधस्पर्धा होतात. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत काय वातावरण होतं ते आपल्याला माहीत आहे. त्या वातावरणातही गावाने पाटी बदलली नाही. मी तिथे गेलेलो नाही. गावातल्या सगळ्यांचं त्या नावावर प्रेम आहे की फक्त सवय आहे, हे मला इथून कसं कळणार? औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावं आपल्या डोळ्यांसमोर गेली, तेव्हा मला सवयीचीही किंमत कळली.

आयोवातली आणखी एक नोंद माझ्या वहीत आहे. १८५७ साली मेस्क्वाकी लोक टामा काउंटीत परत आले. त्यांनी स्वतःच्या पैशाने, गोऱ्यांच्याच कायद्याने, ८० एकर जमीन विकत घेतली. जी जमीन त्यांचीच होती ती. खरेदीखत झालं, दप्तरात नोंद झाली. ते आजही तिथेच आहेत आणि जमीन त्या ८० एकरांच्या कितीतरी पट झाली आहे. विनेशीकच्या माणसांचं तसं झालं नाही. मिनेसोटातून साउथ डाकोटा, तिथून नेब्रास्का, असे ते फिरत राहिले. त्यांच्या पुढाऱ्याचं नाव काउंटीला आहे.

स्मरणिकेच्या संपादकांना मी परत भेटलो. पुढच्या आवृत्तीत पुरवणी जोडू म्हणाले, मजकूर तुम्ही द्या. तेव्हापासून मी कबरस्तान ट्रस्टच्या कपाटातलं दफनाचं जुनं रजिस्टर उतरवून काढतोय. मोडी-मिश्रित मराठी आणि मध्येच उर्दू. तलाठी कार्यालयातल्या जुन्या फेरफाराच्या नोंदीही मागितल्यात. रजिस्टरची पहिली चार पानं वाळवीने खाल्ली आहेत. पाचव्या पानावर पहिलं वाचता येणारं नाव आहे. वय साठ, मरणाचं कारण ताप, आणि धंद्याच्या रकान्यात 'नालबंद'.